सोंड बसवलेली जीप आणि हिरड्याच्या वाडीचा ओहळ

संपादकांनी कळवलं, चळवळीतले अनुभव लिहा. मी विचारलं, चळवळीतले की गॅरेजमधले? त्यांना वाटलं, थट्टा करतेय. थट्टा नाही. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मी बरीच वर्षं दोन कामं करते आहे. एक म्हणजे पत्रकं लिहिणं आणि दुसरं म्हणजे जीपगाड्यांना सोंड बसवणं. पत्रकांनी काय काय हललं याचा हिशेब मांडायला बसलं की मन खट्टू होतं. सोंडेचं तसं नाही. नीट बसली तर गाडी पाण्यातून बाहेर येते, नीट बसली नाही तर मध्येच राहते. इतका रोखठोक न्याय मला अजून कुठल्या कचेरीत मिळालेला नाही. म्हणून सोंडेबद्दल लिहिते.

कॉलेज संपवून मी संघटनेत आले ती पत्रकं लिहायला. पत्रकात दोनच गोष्टी लागतात, अन्याय आणि सभेची वेळ. बाकी सगळं भर. हे तंत्र मला पटकन जमलं. इथं अन्यायाला तोटा नव्हताच. मुंबईच्या नळाला पाणी आमच्या धरणांतून जातं आणि धरणाच्या बाजूच्या पाड्यातली बाई उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढते. पावसाळ्यात तोच पाडा चहूबाजूंनी पाण्यात असतो आणि तिथून बाहेर पडायला वाट नसते. यावर मी इतकी पत्रकं लिहिली की छापखान्यातले खिळे जुळवणारे काका मला म्हणायचे, "ताई, मजकूर तोच हाय ना? नुसती तारीख बदलू?"

संघटनेकडे एक जीप होती. लष्कराने लिलावात काढलेली, डिझेलची, चारही चाकांना जोर मिळणारी. कुणा हितचिंतकाने देणगी म्हणून दिली आणि पुन्हा तिची चौकशी केली नाही, यावरून तिची अवस्था ओळखावी. चालवायला माणूस नव्हता. कार्यकर्ते सगळे भाषणाला पुढे आणि स्टेपनी बदलायला मागे. शेवटी एकदा उंबरमाळीच्या चढावर गाडी बंद पडली, मी चिडून खाली उतरले आणि बॉनेट उघडलं. त्या दिवसापासून ती जीप माझ्या गळ्यात पडली.

गाडी मला शिकवली शहापूरच्या बबनमिस्तरींनी. हायवेला लागून त्यांचं गॅरेज. चार पत्रे, एक खड्डा आणि चिंचेचं झाड. मिस्तरी बोलायचे फार. पहिल्याच दिवशी मी त्यांना आमचं पत्रक दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि हाताचं ग्रीस पुसलं.

"गो पोरी, कागद चांगला हाय," ते म्हणाले. "तेल शोषतो."

मला राग आला. रागाच्या भरात मी दोन तास तिथं उभी राहिले आणि त्यांचं काम बघत बसले. त्यांना तेवढंच हवं होतं, असं ते पुढे कधीतरी म्हणाले. मला ते खरं वाटत नाही. त्यांना टॉर्च धरायला माणूस हवं होतं.

आता सोंड म्हणजे काय ते सांगते, कारण शहरातल्या वाचकाला ती गाडीवरची शोभा वाटते.

इंजिनाला डिझेल लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याला हवाही तितकीच लागते हे कुणाच्या ध्यानात नसतं. बॉनेटखाली एक डबा असतो, त्याला एअर फिल्टर म्हणतात. त्यातून इंजिन हवा ओढतं. गाडी पाण्यात शिरली आणि पाणी त्या डब्याच्या तोंडापर्यंत आलं की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली की दबते. पाणी दबत नाही. पिस्टन जोरात वर येतो, वर पाणी असतं, ते हटत नाही, मग पिस्टनला धरून ठेवणारा लोखंडी दांडा वाकतो. तो आवाज ज्याने ऐकला तो विसरत नाही. हातोडा पडल्यासारखा एकच ठोका आणि मग शांतता. पुढचा खर्च ऐकून मालक गाडीपेक्षा जास्त शांत होतो.

म्हणून डब्याच्या तोंडाला पाईप जोडायचा, तो बॉनेटच्या बाजूने बाहेर काढायचा, काचेच्या कडेने टपापर्यंत वर न्यायचा आणि तोंड मागे वळवायचं म्हणजे पावसाची सर आत जात नाही. हीच सोंड. इंग्रजी नाव वेगळं आहे, पण आमच्याकडे वाड्यांवरच्या पोरांनी जीप पहिल्यांदा बघितली तेव्हा तिला सोंड म्हटलं आणि मिस्तरींनी ते नाव उचललं.

पाईप वर नेणं कुणालाही जमतं. खरं काम आहे सांध्यांचं. रसवंतीत नळीला भोक असलं की तुम्ही कितीही ओढा, रसाऐवजी हवाच तोंडात येते. इथं उलट होतं. गाडी पाण्यात आहे, सोंडेचं टोक वर कोरडं आहे, पण खाली एखादा सांधा सैल आहे. इंजिन आळशी असतं. लांबून हवा ओढण्यापेक्षा ते जवळच्या भोकातून पाणी ओढतं. म्हणजे सांधा सैल असलेली सोंड ही सोंड नसण्यापेक्षा वाईट, कारण ड्रायव्हर तिच्या भरवशावर खोल पाण्यात जातो.

मिस्तरींची पद्धत अशी होती. प्लॅस्टिकचा नळाचा पाईप वापरायचा नाही, तो इंजिनाच्या उष्णतेने आणि उन्हाने तडकतो. पत्र्याचा पाईप, वळणावर वेल्डिंग, आणि वेल्डिंग आतून हात फिरवून बघायचं. पत्रा आणि डबा यांच्यामध्ये ट्रकच्या रेडिएटरचा जाड रबरी होस, कारण इंजिन हलतं, बॉडी वेगळी हलते, मध्ये लवचीक काहीतरी हवं. होसवर दोन्ही टोकांना दोन-दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या उलट बाजूला. सगळं पेट्रोलने पुसून कोरडं करायचं आणि मगच सिलिकॉन लावायचं. "सिलिकॉन म्हंजे साडीची पिन," मिस्तरी सांगायचे. "साडी नेसता येत नसंल तर पिना लावून काय व्हनार?"

आणि शेवटी परीक्षा. इंजिन चालू करायचं आणि पायातली रबरी स्लिपर काढून सोंडेच्या तोंडावर दाबून धरायची. सगळे सांधे बंद असतील तर इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ते धडधडत बंद पडतं. बंद पडलं की पास. चालूच राहिलं तर ते कुठूनतरी चोरून हवा घेतंय. मग तोंड अर्धं झाकायचं आणि पेटलेली अगरबत्ती एकेका सांध्याजवळून फिरवायची. जिथं धूर सरळ वर जायचं सोडून आत वळतो तिथं चोर. गॅरेजमध्ये येणाऱ्या लोकांना वाटायचं, ताई गाडीची पूजा करतेय. काही जण हात जोडून उभे राहायचे. मी आधी समजावून सांगायचे. मग सोडून दिलं.

हळूहळू हे काम माझ्या नावावर लागलं. मिस्तरींना गुडघ्यामुळे बॉनेटवर चढता येईना, मी चढायची. गिऱ्हाइकं मजेशीर यायची. ठाण्याहून दोन मित्र आले होते, सुट्टीच्या दिवशी डोंगरात गाडी घालायचा छंद. गाडीला परदेशी बनावटीची काळी चकचकीत सोंड. मुरबाडच्या पुढे गुडघाभर पाण्यात गाडी मेली आणि टेम्पोमागे बांधून आमच्याकडे आली.

"सोंड असताना कसं झालं?" एक जण मला दरडावून विचारत होता, जणू मीच विकली होती.

मी चाकावरचा पत्रा सोडवला. बाहेरची सोंड आत येऊन हवेत संपत होती. तिच्यापासून एअर फिल्टरपर्यंत पाईपच नव्हता. ज्या दुकानात बसवली त्याने दिसणारा भाग बसवला होता आणि न दिसणारा डिकीत खोक्यात ठेवून दिला होता. खोकं अजून डिकीत होतं, प्लॅस्टिकसकट.

पहिल्याने खोकं उचलून त्यावरचं प्लॅस्टिक खरवडून बघितलं. मग दुसरा म्हणाला, "मला वाटलं ते स्पेअर आहे."

त्याहून कमाल एका उमेदवाराची. कुठला पक्ष ते सांगत नाही, सगळ्यांनी आपापला समजावा. निवडणुकीच्या आधी नवी कोरी गाडी घेऊन आला. म्हणाला, "ताई, सोंड लावा, पण आत जोडू नका. वॉरंटी जाते. नुसती दिसली पाहिजे. लोकांना वाटलं पाहिजे, माणूस वाडीवाडीत जातो."

"जाता का?"

"आता जातोच आहे ना प्रचाराला."

"मग जोडून घ्या. निवडून आल्यावर नाही लागणार, पण आत्ता लागेल."

तो हसला. मला वाटलं होतं, गाडी घेऊन निघून जाईल. पण त्याने नीट जोडून घेतली, स्लिपरची परीक्षाही स्वतःच्या चपलेने केली. निवडणूक हरला. गाडी विकली ती धसईच्या एका दूधवाल्याने घेतली. आज ती रोज किटल्या घेऊन ओढ्यातून जाते. त्या उमेदवाराच्या हातून झालेलं तेवढं एक सार्वजनिक काम मी त्याच्या नावावर मनापासून मांडते.

आता हिरड्याच्या वाडीची गोष्ट. तीच सांगायला बसले आहे.

धसईच्या पलीकडे डोंगराला टेकून ही वाडी आहे. थोडी भातशेती, बाकी जंगलातला हिरडा, मध, करवंदं. वाडीच्या आणि जगाच्या मध्ये एक ओहळ. उन्हाळ्यात त्यात दगडगोटे आणि बकऱ्या. जून लागला की तोच कमरेपर्यंत चढतो आणि गणपतीपर्यंत उतरायचं नाव घेत नाही. वाडीत शाळा चौथीपर्यंत. पाचवी ओहळाच्या अलीकडच्या गावात. म्हणजे वाडीतलं शिक्षण चौथीला संपायचं, मुलगे थोडेफार मामाकडे राहून शिकायचे, मुली बकऱ्या वळायला लागायच्या.

बाळीबाय त्या वाडीतली. संघटनेच्या सभेला सगळ्यात मागे बसायची आणि सगळ्यात आधी प्रश्न विचारायची. तिची मुलगी सोनी त्या वर्षी चौथी पास झाली होती आणि बाळीबायने ठरवलं होतं की ही पाचवीत जाणार.

"मामाकडं ठेव ना," मी म्हटलं.

"मामा तिला भांडी घासाया ठेवील. माज्याकडं काय भांडी नायत का?"

म्हणजे साकव हवा. साकव म्हणजे माणसांनी चालत जाण्यापुरता अरुंद पूल. मागणी वाडी कैक वर्षं करत होती. दर वर्षी पाहणी व्हायची आणि दर वर्षी मे महिन्यात व्हायची. संबंधित खात्याचं नाव लिहीत नाही, कारण तेव्हाचे अभियंता साहेब पुढे माझ्याशी चांगले वागले. ते मेमध्ये यायचे, कोरड्या पात्रात उभे राहायचे, रुमालाने घाम पुसायचे आणि शेरा मारायचे की पात्र कोरडे असून ये-जा करण्यास अडथळा दिसत नाही. खोटं काहीच नव्हतं त्यात. दिसत नव्हताच.

मी पत्रक काढलं. 'पावसाचा पूल उन्हाळ्यात शोधणाऱ्या प्रशासनाचा निषेध.' चांगलं होतं पत्रक. मग बाळीबाय आणि वाडीतल्या बायकांना घेऊन कचेरीत गेले. साहेब वयाने पन्नाशीचे, अंगाने भरलेले, बोलायला गोड.

"ताई, माझं म्हणणं समजून घ्या. पावसात मी यायला तयार आहे. पण गाडी जात नाही पलीकडे. अलीकडे उभा राहून पलीकडची पाहणी कशी करू? नियमात बसत नाही."

"गाडी गेली तर याल?"

"गेली तर का नाही येणार? आमची गाडी मात्र मी पाण्यात घालणार नाही."

"आमची घालू."

कचेरीतले सगळे ऐकत होते. साहेबांना माघार घेता येईना. "या मग, ऑगस्टमध्ये बघू," ते म्हणाले, ज्या सुरात माणूस पुढच्या जन्मीचं बोलतो त्या सुरात.

मी गॅरेजमध्ये आले आणि मिस्तरींना म्हटलं, संघटनेच्या जीपला सोंड बसवायची, आणि अशी बसवायची की साहेबाला कारण उरता कामा नये. तोवर आमच्याच गाडीला सोंड नव्हती. लोकांच्या गाड्यांना बसवत होते, आमची तशीच. चळवळीत हे नेहमीचं आहे.

त्या सोंडेवर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी कुठल्याच पत्रकावर घेतली नाही. पाईप तीनदा वाकवून घेतला. होस नवा आणला. डब्याच्या झाकणाखालचं जुनं वायसर फेकून सायकलच्या ट्यूबचं नवं कापलं. पुढच्या-मागच्या आसांना हवा खायला बारीक नळ्या असतात, त्यांतूनही पाणी आत जाऊन तेल नासतं, त्यांना लांब नळ्या जोडून त्या वर बांधल्या. सगळं झाल्यावर स्लिपर धरली. इंजिन चालूच.

अगरबत्ती फिरवली. सांधे सगळे ठीक. धूर सरळ वर. पुन्हा स्लिपर. पुन्हा चालूच.

मिस्तरी खाटेवर पडून होते. "डबा खालून बघितलास का गो?"

"खालून काय असतं?"

"बघ की."

डब्याच्या तळाला धूळ पडून जायला एक भोक असतं, करंगळीएवढं, त्यावर रबरी टोपी असते. आमच्या डब्याची टोपी लष्करातच निवृत्त झाली होती. भोक उघडं. वर एवढी थोरली सोंड आणि बुडाला भोक. ते बंद केलं, स्लिपर धरली आणि इंजिन दोन गचके देऊन थांबलं. मी बॉनेटवर बसून एकटीच हसले.

ऑगस्टात साहेबांना घ्यायला गेले तेव्हा पाऊस दोन दिवस लागून थोडा उघडला होता. साहेब नाइलाजाने बसले. त्यांच्या खात्याची मोजायची फीत, पट्टी, छत्री, डबा असं सगळं सामान घेऊन. मागे बाळीबाय, तिला बाजारातून परत जायचं होतं. ओहळाशी आलो. पाणी तांबडं, वेगात, गाडीच्या दिव्यांच्या उंचीला येईल असं. मी उतरून पंख्याचा पट्टा सैल केला, म्हणजे पंखा पाणी उडवत नाही. पुढे ताडपत्री बांधली, म्हणजे पाण्याचा लोट थेट इंजिनावर येत नाही. पात्र खालून खडकाळ आहे हे बाळीबायने आधीच सांगून ठेवलं होतं, कुठून उतरायचं तेही.

"पोहता येतं का तुम्हाला?" साहेबांनी मला विचारलं.

"नाही."

त्यांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

पहिल्या गिअरमध्ये, एकाच गतीने, न थांबता आणि क्लच न दाबता जायचं, बस. दुसरं काही शास्त्र नाही. पाणी बॉनेटच्या कडेला आलं, मग दरवाजे नसलेल्या गाडीत आत आलं, साहेबांनी पाय उचलून डॅशबोर्डवर घेतले. इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही. सोंड वरून फुसफुस करत हवा खात होती. आम्ही पलीकडे चढलो, गाडीतून पाणी ओघळलं, आणि वाडीतली पोरं ओरडत आली.

साहेब लहान मुलासारखे खूश. उतरून त्यांनी सोंडेवर हात फिरवला. "कमाल आहे. काहीच झालं नाही. मला वाटलं होतं मध्येच बसणार."

मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू. मी त्यांना क्लिपांपासून सगळं समजावलं. अगरबत्तीसुद्धा सांगितली.

सगळं ऐकून त्यांनी समाधानाने मान हलवली आणि म्हणाले, "म्हणजे ताई, भर पावसातही वाहन पार जातं. मग अडचण नेमकी कुठं राहिली?"

ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या डोक्यात शेरा तयार होता, तो मला समोर दिसत होता. योग्य वाहनाने ये-जा शक्य असल्याने साकवाची आवश्यकता नाही. कितीतरी मे महिन्यांत त्यांना जे लिहायला कोरडं पात्र लागायचं ते मी भरल्या पाण्यात लिहायची सोय करून दिली होती. सगळे सांधे बंद करून.

बाळीबाय माझ्याकडे बघत होती. मग साहेबांना म्हणाली, "खरं हाय साहेब. मंग ही गाडी रोज सकाळी धाडा. सोनीची शाळा साडेधाला भरते."

साहेब हसले. ती हसली नाही.

"चला, चा घ्या," ती म्हणाली.

वाडीत पाहुण्याला चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत. चहा बिनदुधाचा, गुळाचा. साहेब ओट्यावर बसले, वाडी भोवती जमली. मी भाषणाची जुळवाजुळव करत होते. मुद्दे बरे सुचत होते. तेवढ्यात मागे गलका ऐकू आला म्हणून वळून बघितलं तर जीप भरली होती.

हे वाडीचं जुनंच आहे. वर्षातून एखादं चाक वाडीत येतं. आलेलं चाक रिकामं परत जाऊ देणं त्यांच्या डोक्यात बसत नाही. कुणी कुणाला सांगावं लागत नाही. तापाने फणफणलेले एक आजोबा पुढच्या सीटवर साहेबांच्या जागी घोंगडी पांघरून बसले होते. मागे दिवस भरत आलेली एक सून आणि तिची सासू, त्यांच्या पायाशी हिरड्याची पोती, पोत्यांवर खुराड्यात कोंबड्या, आणि कोंबड्यांच्या खुराड्याखाली साहेबांची फीत, पट्टी आणि छत्री.

साहेब चहा संपवून आले. गाडीला फेरी मारली. "मी कुठं बसू?"

"जागा नाय ओ," आजोबा पुढून म्हणाले. उठायचा विचारही त्यांनी केला नाही.

"ताई, यांना पोचवून परत या मला घ्यायला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाळीबाय म्हणाली, "ताई धसईच्या दवाखान्यात जाऊन परत येस्तंवर अंधार व्हईल. पानी वर चढतंय, तेबी बघा. तुमी आमच्यासंगं चला साहेब. पावन्याला आमी ओहळापार सोडूनच येतो."

ती खोटं बोलत नव्हती. पाणी चढत होतं आणि पाहुण्याला सोडायची रीतही खरी होती. लांब बांबू आडवा धरायचा, सगळ्यांनी एका रांगेत त्याला धरायचं, अंगाने भक्कम माणूस वरच्या अंगाला, पोरं मध्ये. गाडीच्या जागेपासून थोडं वर, जिथं पात्र रुंद आणि ओढ कमी, तिथून उतरायचं. वाडी असंच ओलांडते, ओलांडावंच लागलं तर.

मी गाडी पाण्यातून धसईच्या अंगाला काढली आणि काठावर थांबवली. आजोबांनी घोंगडीतून मान काढून बघितलं. साहेबांनी पँट गुडघ्याच्या वर दुमडली होती, बूट एका हातात. वाडीतला एक गडी वरच्या बाजूला, मग बाळीबाय, मग साहेब, मग सोनी, मग दुसरा गडी.

"बूट टाक," एक गडी ओरडला. "दोनी हात बांबूला."

साहेबांनी बूट शर्टात घातले. पाण्यात उतरले. पहिल्या काही पावलांत ते काहीतरी बोलत होते, मग बोलणं थांबलं. मध्यावर पाणी त्यांच्या कमरेला आणि सोनीच्या छातीला. तिथं ते थांबले. रांग थांबली.

"पाय उचलू नका, साहेब," सोनी म्हणाली. तिचा आवाज मला काठावर स्पष्ट ऐकू आला. "घासत चला. उचलला का पानी पाय नेतं."

"तू रोज जातेस इथून?"

"न्हाई. आय जाऊ देत न्हाय."

"मग शाळा?"

"चौथी झाली. पाचवी तुमच्या अंगाला हाय."

साहेबांनी काठाकडे बघितलं, जिथं मी उभी होते, आणि मग पाय घासत पुढे आले. वर चढल्यावर ते एका दगडावर बसले. एक बूट गेला होता. मी पुन्हा भाषणाची जुळवाजुळव केली, पण बाळीबायने माझ्या हाताला धरून मला गप्प केलं. सोनीने बांबू खांद्यावर घेतला आणि परत जायला ती पाण्याकडे वळली.

"थांब," साहेब म्हणाले. "ताई, माझी फीत कुठंय?"

"कोंबड्यांखाली."

त्यांनी हात झटकला आणि बांबू मागून घेतला. गड्यांना सांगितलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत मापून घ्या, एवढ्यावर खूण करा. एका बुटात उभं राहून त्यांनी त्याच बांबूने ओहळाची रुंदी काढली आणि पाण्याची खोली काढली ती स्वतःच्या ओल्या पँटवरून. साहेबांचा शेरा मी पुढे वाचला. त्यात माझ्या सोंडेचा उल्लेख नव्हता. मला जरा वाईट वाटलं, हे कबूल.

साकव लगेच झाला असं कुणी समजू नये. सरकारी काम आहे. तो पावसाळा तसाच गेला, आणि सोनीची त्या वर्षीची पाचवी चुकली. बाळीबायने ते माझ्यापाशी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते सलतं. एक वर्ष म्हणजे कागदावर एक ओळ असते आणि मुलीच्या आयुष्यात एक बकऱ्यांचा कळप. त्या वर्षी मी दर आठवड्याला कचेरीत गेले. साहेब म्हणायचे, "ताई, फाइल वर गेलीय." मी म्हणायची, "किती वर? पाणी चढतं तेवढी?" ते हसायचे आणि फोन उचलायचे. माझ्यापेक्षा त्यांच्या फोननेच जास्त काम केलं असणार.

साकव झाला. सिमेंटचा, अरुंद, दोन्ही बाजूंना लोखंडी कठडा. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, इतकाच. सोनी वर्षभर उशिरा पाचवीत गेली. तिच्या मागून दोन मुली गेल्या, मग चार. आता ओहळापलीकडे कुणी विचारत नाही की मुलगी शाळेत कशी जाते.

माझी जीप मात्र साकवावरून जात नाही. तो माणसांसाठी आहे, गाडीसाठी नाही. त्यामुळे औषधं, पोती, सभेची सतरंजी घेऊन वाडीत जायचं तर मला अजूनही खालून पाण्यातूनच जावं लागतं. गेल्या पावसाळ्यात सकाळी गेले. पंख्याचा पट्टा सैल केला, ताडपत्री बांधली, पहिला गिअर टाकला. पाणी बॉनेटवर आलं होतं. वर साकवावर शाळेला निघालेल्या मुली कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, दप्तरं पाठीला, पाय कोरडे. एक जण वाकून ओरडली, "ताई, गाडी ठेव तिथंच, वरून ये की चालत. शानपना नाय का तुला?"

सगळ्या हसल्या. पाण्याच्या मध्यावर मान वर करून उत्तर देता येत नाही. मी हॉर्न दाबला. हॉर्न पाण्याखाली होता, वाजला नाही.